आठ दिवसांनी धाकटा

पनवेलच्या आमच्या घरी जिताडा मासा शिजला की त्याचं डोकं कोणाच्या ताटात जायचं ते ठरलेलं असे. मान वडिलांचा, पण त्यांना काटे चिवडत बसायचा कंटाळा. "पोरांना घाल," म्हणून ते मोकळे होत. पोरं म्हणजे आम्ही दोघे. आणि दोघांत डोकं त्याला, शेपटी मला. मी तोंड वाकडं केलं की आई पळी उगारून म्हणे, "आरं, तो थोरला हाय. आठ दिसांनी का व्हयना, थोरला तो थोरला."

तो माझा भाऊ नव्हता. उरणपलीकडच्या मोऱ्याचा, कोळ्याचा मुलगा. आई तिथलीच, मिठागरवाल्यांची लेक. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाने माझाही जन्म तिकडचा. त्या किनाऱ्याला सुईण एकच होती. तिने नारळी पौर्णिमेला त्याला जगात आणलं आणि गोकुळाष्टमीला मला. पुढे आम्ही दोघं एकत्र दिसलो की ती म्हातारी बोट दाखवून सांगायची, "यो सरल आला. यानं मना रातभर जागवली." ऐकणारे हसत. मीही हसत असे.

इंग्रजी शाळेसाठी तो पनवेलला आला आणि आमच्या घरी राहिला. वडिलांचं मिठाचं दुकान बंदराच्या रस्त्यावर होतं. मागच्या खोलीत मिठाची पोती, पोत्यांवर आम्ही. दिवाळीत पहिली आंघोळ त्याची, मग माझी. पाणी त्याच्या वेळी कडकडीत, माझ्या वेळी कोमट. थोरलेपण म्हणजे काय हे मी त्या पाण्यावरून शिकलो.

शाळेत मात्र मी थोरला होतो. आमच्याकडे मुलाला शाळेत घालताना मास्तर विचारत, "जन्म कधीचा?" आणि बाप म्हणे, "लिहा तुम्हीच." शाळा जूनमध्ये भरे, मुलाला सहा पुरी हवीत, म्हणून मास्तर एक जून लिहून टाकत. माझ्या वर्गातली निम्मी मुलं एक जूनला जन्मलेली होती. जणू त्या दिवशी पनवेलच्या बायकांना दुसरा उद्योगच नव्हता! त्याची गोष्ट वेगळी. त्याचा बाप नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ सोडून, ओल्या धोतरानेच मुलाला घेऊन शाळेत गेला आणि म्हणाला, "आज सा पुरी झाली याला." मास्तरांना खरी तारीख मांडण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. तर असं झालं. अडाणी कोळ्याच्या मुलाची तारीख खरी, दुकानदाराच्या मुलाची खोटी, आणि कागदावर मी त्याच्याहून दोन-अडीच महिन्यांनी मोठा. या गोष्टीची आम्ही दोघं शाळेत फार थट्टा करत होतो. पुढे एका दिवसानंतर कधी केली नाही.

तो दिवस सांगण्यासाठी हे सगळं लिहितो आहे. मी बोलणारा माणूस नाही. विमानात माझ्या शेजारी वर्षानुवर्षं बसलेल्यांना माझ्याबद्दल एवढंच ठाऊक असेल की हा चहात साखर घेत नाही.

लढाईच्या शेवटच्या वर्षांत हवाई दलात भरती चालू होती. आम्ही दोघं गेलो. आम्हाला उडता येईपर्यंत लढाई संपली, त्यामुळे आमच्या शौर्याची परीक्षा राहूनच गेली. पण लढाईतली डकोटा विमानं स्वस्तात विकायला निघाली होती, आणि चार विमानं घेऊन कंपनी काढणाऱ्यांचं पेव फुटलं होतं. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी अशाच एका छोट्या कंपनीने आम्हा दोघांना एकाच दिवशी घेतलं. हुद्दा दुय्यम वैमानिकाचा, म्हणजे उजवीकडच्या खुर्चीत बसायचं, चाकं वर घे म्हटलं की घ्यायची, खाली कर म्हटलं की करायची, आणि मधल्या वेळात कॅप्टनचा थर्मास सांभाळायचा.

जागा दोन होत्या. एक मुंबईला, एक नागपूरला. कोणी कुठे जायचं हे कंपनीत सेवाज्येष्ठतेवर ठरे. आधी लागलेला आधी निवडणार. एकाच दिवशी लागले तर वयाने मोठा तो ज्येष्ठ. नियम साधा होता आणि तो सगळीकडे असाच असतो. एकदा यादीत वरखाली झालं की जन्मभर तसंच राहतं. सुट्टी, बढती, नवं विमान, सगळं त्याच क्रमाने.

रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मोऱ्याच्या धक्क्यावर बसलो होतो. मुंबईची लाँच नुकतीच लागली होती, कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन उतरत होत्या. तो पाण्यात खडे टाकत होता. मग म्हणाला, "नाखव्यानं हो म्हटलंय."

नाखवा म्हणजे चार होड्यांचा मालक. त्याची मुलगी याच्या मनात होती, हे आख्ख्या मोऱ्याला माहीत होतं, फक्त नाखव्याला माहीत नसल्याचं नाखवा दाखवत होता.

"मग तोंड का पाडलंस?"

"अट घातलीय. पोरगी दर्यापासून लांब जायची नाय. मुंबई असंल तर लगीन. नाय तर नाय."

"मुंबईच मिळेल तुला," मी म्हणालो. मनापासून म्हणालो, हे इथे नोंदवून ठेवतो. "थोरला आहेस तू."

तो हसला. "कागदावर तू हायस."

"कागद गेला खड्ड्यात," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सांताक्रूझला आमच्या चीफ पायलटच्या खोलीत उभे राहिलो. हे वयस्क पारशी गृहस्थ, पोट पुढे, चष्मा कपाळावर. नवीन मुलांची नावं लक्षात ठेवायचा त्यांना वैताग, म्हणून ते प्रत्येकाला गावाच्या नावाने हाक मारत. आम्ही त्या सकाळपासून कायमचे 'पनवेल' आणि 'मोरा' झालो.

त्यांनी आमचे कागद उलटेपालटे केले आणि म्हणाले, "पनवेल, तू मोठा हाय ने? तो चॉईस तुजा. बोल डीकरा, मुंबई के नागपूर?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो चीफ साहेबांच्या मागच्या नकाशाकडे पाहत होता. तो काहीच बोलणार नव्हता. थोरला मागत नसतो, धाकट्याने द्यायचं असतं. आमच्या घरात हे दोघांनाही पळीच्या धाकाने शिकवलेलं होतं.

"मुंबई," मी म्हणालो.

का म्हणालो? एखादं मोठं कारण असतं तर इतकी वर्षं ते पुढे करून सुखाने झोपलो असतो. आई म्हातारी नव्हती, वडील आजारी नव्हते, माझं कुठे लग्न ठरत नव्हतं. खरं कारण हे होतं की मुंबईहून पुण्याला जाणारं विमान पनवेलवरून जातं. कर्नाळ्याचा अंगठा, म्हणजे किल्ल्यावरचा सुळका, उजव्या हाताला ठेवायचा, की खाली खाडी, बंदर, आमचं दुकान. बाजारातल्या लोकांनी माना वर करून म्हणावं, "तो बघा, मीठवाल्याचा मुलगा चालला," एवढीच माझी हौस. माझ्या हौसेपायी एकाचं लग्न पणाला लागलं होतं, हे कळत असूनही तोंडातून तो शब्द निघाला. आणि नागपूरची थोडी भीतीही वाटली. उन्हाळा, परकी माणसं, मासळी नाही.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "चल, चहा पिऊ." चहाचे पैसेही त्यानेच दिले.

पनवेलला आल्यावर मी आईला मुंबई मिळाल्याचं सांगितलं. ती खूष झाली. मग विचारलं, "आन् त्याला?"

"नागपूर."

"असं कसं? आदी त्याचा मान."

"कागदावर मी मोठा आहे ना," मी म्हणालो.

त्या रविवारी गव्हाणहून कुणीतरी जिताडा आणून दिला होता. थोरला नागपूरला जायची तयारी करायला मोऱ्याला गेला होता, त्यामुळे पोर मी एकटाच. आईने डोकं उचललं आणि माझ्या ताटात ठेवलं.

"घे. थोरला झालास ना."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी ते डोकं चिवडलं, गिळलं नाही. त्यानंतर घरात जेव्हा जेव्हा जिताडा आला, तेव्हा डोकं मला आलं. आई विसरली नाही आणि मी "नको" म्हणायचं धाडस केलं नाही. नको म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

दोन दिवसांनी आई स्वतः मोऱ्याला गेली. नाखव्याच्या ओटीवर बसून तिने त्याला काय काय ऐकवलं, ते मला पुष्कळ वर्षांनी त्याच्या बायकोकडून कळलं. नाखवा म्हणाला होता, "नागपूरला पानी कुठं हाय?" आई म्हणाली, "तलाव हायत की मोठाले." नाखवा म्हणाला, "तल्यात आमी पाय धुतो." एवढ्यात मुलगी आतून येऊन म्हणाली, "बा, मी जानार. तल्याकाठी तर तल्याकाठी." शेवटी नाखवा वर्षभर अडून राहिला आणि मग नमला, पण शपथ घालून: लेकीच्या घरातून दर्या दिसेपर्यंत त्या घरचं पाणी पिणार नाही. कोळ्याची शपथ! लग्नात तो ढसाढसा रडला आणि नागपूरला कधीच गेला नाही.

आता माझी मुंबई कशी फळाला आली ते सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला थोडा आनंद होईल.

आम्हा दोघांत मी ज्येष्ठ, पण मुंबईत एकूण वैमानिक चिकार, आणि त्या सगळ्यांत मी शेवटचा. गणपतीत ड्यूटी माझी, दिवाळीत माझी, पहाटेचं विमान माझं. कुणाच्या मुलाला गोवर आला की त्याच्या जागी मी. कित्येकदा गणवेश चढवून नुसतं बसून राहायचं, कोणी आजारी पडलं तर म्हणून. कोणी पडत नसे. पुण्याच्या विमानावर माझी पाळी लागली ती जवळजवळ वर्षाने, आणि तेव्हा पनवेलवर इतके ढग होते की खाली बंदर आहे की म्हशींचा गोठा, काही दिसलं नाही. कर्नाळ्याचा अंगठा तेवढा ढगांतून वर आला होता. तो मला काय दाखवत होता, ते माझं मला कळलं.

आणि नागपूर? तिथे वैमानिक मोजके. एकाने नोकरी सोडली, दुसऱ्याची तब्येत बिघडली, आणि नियम असा की त्या ठिकाणची जागा त्या ठिकाणच्या माणसाला. मी उजव्या खुर्चीत थर्मास सांभाळत असतानाच मोरा कॅप्टन झाला. डाव्या खुर्चीत.

या सगळ्यात आईने एक काम माझ्यामागे लावलं होतं. नागपूरला माझं विमान जाणार असेल तेव्हा पत्र्याचा डबा भरून सुके बोंबील, जवळा, कधी सोडे. झाकणाला कणीक लावून बंद करायची, वर फडकं बांधायची, तरी वास यायचा तो यायचाच. पहिल्या खेपेला कॅप्टन म्हणून चीफ साहेबच होते. नाशिक मागे पडलं तशी त्यांनी नाक वर केलं.

"पनवेल, तुझ्या डब्यामंदी कोण मेलाय?"

"बोंबील आहेत, सर."

"माझ्या कॉकपिटमंदी?"

"सामानात ठेवले तर पॅसेंजर तक्रार करतील, सर."

"आनि मी कोण? मी पॅसेंजर नाय, तो मने वास नाय येत?" मग थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "भाजलेले के तळलेले चांगले लागतात?"

पुढे तर मुंबईचे अर्धे कॅप्टन माझ्या डब्याची वाट पाहू लागले. नागपूरला पोचेपर्यंत त्यातला चतुर्थांश वाटेत जकात म्हणून जाई. तो विमानतळावर डबा घ्यायला येत असे, झाकण उघडून आधी वास घेई आणि म्हणे, "आयेनं बांधलाय. हाताचा वास हाय." मला दर वेळी वाटे, आता सांगावं. काय सांगणार? त्यालाही सगळं माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट दोघांमध्ये ठेवून दोन माणसं जन्मभर चहा पिऊ शकतात, हे मी त्या काळात पाहिलं.

एकदा आमचा कॅप्टन नागपुरात तापाने पडला आणि मुंबईचं विमान न्यायला मोरा आला. मी उजवीकडे, तो डावीकडे. विमान जमिनीवरून उठलं. "चाकं वर," तो म्हणाला. मी घेतली. मुंबई दिसू लागल्यावर त्याने हात काढले. "घे. तू उतरव. तुजी मुंबई हाय." त्याच्या बोलण्यात टोमणा होता का, ते मी तेव्हा शोधत होतो. नव्हता. तो साधाच माणूस होता. मी विमान इतकं वाईट उतरवलं की ते तीन उड्या मारून स्थिर झालं. तो पोट धरून हसला. "आरं, सरल यायचं तुला जन्मापासून ठाव नाय!"

वर्षं गेली. सगळ्या कंपन्या सरकारने एकत्र केल्या, माझंही लग्न झालं, मीही यथावकाश कॅप्टन झालो. नव्या मोठ्या यादीतसुद्धा आमची नावं एकाखाली एक, वर मी, खाली तो. मग साठ सालानंतर नवी विमानं आली. डकोटा हळूहळू मुंबईतून हलवून नागपूरकडे पाठवणार असं ठरलं. नव्या विमानावर शिकेल तो मुंबईत, जुन्यावर राहील तो नागपूरला. शिकणाऱ्यांच्या तुकडीत एकच जागा उरली. आणि ती, क्रमाने, माझी होती. माझ्यानंतर त्याची.

त्याच सुमारास तो रजेवर पनवेलला आला होता. आम्ही बंदरावर गेलो. ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. तो म्हणाला, "नाखवा आता फार चालत नाय. बायको म्हनते, बानं एकदा माज्या घरचं पानी प्यावं." एवढंच. मागणं वगैरे काही नाही. नंतर तो खाडीत खडे टाकत बसला. मोऱ्याच्या धक्क्यावरच्या त्या संध्याकाळसारखाच.

या वेळी मी ठरवलं की काम चोख करायचं. नुसतं सोडून द्यायचं नाही, क्रमच दुरुस्त करून घ्यायचा. मी ऑफिसात गेलो. तिथले हेडक्लार्क पुण्याचे होते. मी त्यांना सांगितलं, "माझी जन्मतारीख चुकीची आहे. मी ऑगस्टचा आहे. गोकुळाष्टमीचा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे वय कमी करायचं."

"हो."

"निवृत्ती अडीच महिने लांबते त्याने."

"निवृत्तीचा प्रश्न नाही. मला धाकटं व्हायचंय."

"कॅप्टनसाहेब," ते अगदी मायेने म्हणाले, "इथे धाकटं व्हायला पुष्कळ येतात. सगळे एकाच कारणासाठी येतात. पण तुमच्यासारखं तोंडावर कोणी म्हणालं नव्हतं. पुरावा?"

"सुईण होती."

"होती म्हणजे?"

"वारली."

"मग?"

"आई आहे."

"आईची साक्ष प्रत्येकाकडेच असते हो!" शेजारच्या टेबलावरचे दोघे मान खाली घालून हसत होते.

मी चिडून म्हणालो, "अहो, मला नोकरी वाढवून नकोय. ती जागा माझ्या मित्राला जावी म्हणून चाललंय हे."

"मग जागा नको म्हणा," ते म्हणाले. "त्याला जन्म कशाला बदलायला हवा?"

जिना उतरताना मी मधल्याच पायरीवर थांबलो. एवढं सोपं होतं. पहिल्या दिवशीही एवढंच सोपं होतं. चीफ साहेबांनी वय कागदावरून वाचलं होतं, मला मुंबई की नागपूर, एवढंच विचारलं होतं. मी जन्मभर त्या एक जूनला दोष देत आलो, बिचाऱ्या मास्तरांना, वडिलांना. तारखेने मला फक्त पहिल्यांदा बोलायची संधी दिली होती. काय बोलायचं ते तिने सांगितलं नव्हतं.

मी परत वर गेलो आणि जागा नको म्हणून सांगितलं. माझ्या बायकोला घरी गेल्यावर सांगितलं, आणि तिने मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. तिचं बरोबर होतं. पण सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकल्यावर ती म्हणाली, "नागपूरला संत्री तरी चांगली मिळतात." तिच्याइतकी शहाणी बाई मी पाहिलेली नाही.

त्याला मी स्वतः सांगायला गेलो. शब्द जुळवून ठेवले होते, एकही आठवला नाही. म्हणालो, "त्या दिवशी मी नागपूर म्हणायला हवं होतं."

"म्हनायला हवं व्हतं," तो म्हणाला. त्याने ते उडवून लावलं नाही, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. "पयली दोन वर्सं मी तुला लई शिव्या दिल्या. मग कॅप्टन झालो, तवा कमी केल्या. मग डबे येत गेले." आणि मग त्याचे डोळे बारीक झाले. "पर तू ऑफिसात जाऊन खराच म्हनालास, की मना धाकटं व्हायचंय?"

"कोणी सांगितलं?"

"आरं, नागपूरपर्यंत हसतायत सगले!"

त्याला मुंबईत जुहूच्या बाजूला घर मिळालं. नाखव्याला गाडीत घालून आणलं. म्हातारा आधी घरात शिरला नाही. जिन्यानेच गच्चीवर गेला, दोन नारळांच्या मधून दिसणाऱ्या निळ्या पट्टीकडे हाताची सावली करून बघत राहिला. "हां," तो म्हणाला. "हाय पानी." मग खाली येऊन दारात बसकण मारली आणि लेकीला हाक मारली, "आन गो तांब्या." तीन तांबे प्यायला. त्याची लेक हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती, आणि नाखवा म्हणत होता, "रडतंस कं? पानी गोड हाय तुज्या घरचं."

नागपूरला निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळे पनवेलला जमलो. वडील आता नाहीत. आईला कमी दिसतं, पण चुलीपाशी कोणाला येऊ देत नाही. जिताडा होता. ताटं मांडली, आम्ही दोघं शेजारी बसलो. आई टोप घेऊन आली. माझ्यापाशी येऊन थांबली. सवयीने मी ताट पुढे केलं.

"तू कोन?" तिने विचारलं.

"मी, आई."

"मंग थांब," ती म्हणाली. आणि पुढे सरकून तिने ते डोकं पळीने उचलून त्याच्या ताटात ठेवलं. त्याने ते लगेच फोडलं, चोखलं, बोटं चाटली. मला शेपटी आली. तिच्यात काटे फार असतात, आणि कालवण तिला लागतच नाही.

मी ती सगळी खाल्ली.

"आनखी वाडू?" आईने विचारलं.

"वाढ," मी म्हणालो. "तिकडे मिळायची नाही."

"मिलंल की," तो डोक्यातला शेवटचा काटा काढत म्हणाला. "डबा घेऊन येईन ना मी. चतुर्थांश वाटेत जाईल, तेवढं चालवून घे."